काट्याची साक्ष

तराजूला काटा असतो, घड्याळाला काटा असतो आणि मोटारीच्या वेगमापकालाही काटा असतो. या तिन्ही काट्यांवर माणूस जेवढा विश्वास टाकतो तेवढा तो सख्ख्या भावाच्या शब्दावरही टाकत नाही. पण तराजूचा काटा निदान दोन माणसांसमोर हलतो. गिऱ्हाईक पाहत असते, दुकानदारही पाहत असतो. मोटारीतला काटा मात्र एकट्या चालकापुढे हलतो आणि त्याच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा रस्त्यावरून पायी चाललेला माणूस मोजतो. या काट्याची साक्ष खरी की खोटी, हे ठरवायचे कसे? ते ठरवण्याच्या विद्येला कॅलिब्रेशन म्हणतात. तिचा इतिहास आम्हांला कित्येक लढायांच्या इतिहासापेक्षा मोलाचा वाटतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. कॅलिब्रेशन हा शब्द फळ्यावर आला की मुले तो परका समजून तोंड वाकडे करतात. तेव्हा आम्ही त्यांना सांगतो की हा शब्द तुमच्याच घरून गेला आहे. अरबीत 'क़ालिब' म्हणजे साचा. उर्दूत जिवलग मित्रांना आपण 'यक जान दो क़ालिब' म्हणतो, तोच हा क़ालिब. अरबांनीही तो बहुधा ग्रीकांकडून घेतला असावा. ग्रीकांकडे तो चांभाराचा, जोडे शिवायचा लाकडी पाय होता. अरबीतून तो इटालियन व फ्रेंचमध्ये गेला, तिथे बंदुकीच्या नळीच्या व्यासाला 'कॅलिबर' म्हणू लागले आणि त्यावरून मोजण्याचे साधन तपासून नीट करण्याला कॅलिब्रेशन हे नाव पडले. जोडा साच्यावर बसवून पाहावा तसे माप खऱ्यावर बसवून पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ.

अंतर मोजण्याची हौस माणसाला फार जुनी. रोमन वास्तुशिल्पी व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एक गाडी वर्णिली आहे. तिचे चाक एका फेरीत साडेबारा फूट जाई. चारशे फेऱ्या झाल्या की पाच हजार फुटांचा एक रोमन मैल पुरा होई आणि एक खडा पितळी भांड्यात खणकन पडे. चीनमध्ये दर 'ली'ला लाकडी बाहुला ढोल वाजवी अशा गाडीचे वर्णन सुंग राजवटीच्या इतिहासात आहे. आपल्याकडे बाबराने १५२८ साली आग्रा ते काबूल हा रस्ता मोजवून घेतला. चाळीस क़री म्हणजे एक तनाब, शंभर तनाब म्हणजे एक कुरोह, असे माप आधी ठरवले आणि दर नऊ कुरोहांवर मिनार बांधण्याचा हुकूम दिला. मोजण्याआधी माप ठरवावे लागते, हे त्या बादशहाला पक्के ठाऊक होते.

पण हे सारे अंतर झाले. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग मोजणाऱ्याला रस्ताही कळला पाहिजे आणि घड्याळही कळले पाहिजे. खडा टाकणाऱ्या गाडीला घड्याळ कळत नव्हते. ती उणीव घोड्याच्या जमान्यात कोणाला जाणवली नाही. ती जाणवली मोटारीच्या जमान्यात, आणि तीही आधी कोर्टात.

इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या यंत्रगाडीला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढीच मुभा होती. गाडीपुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चाले. पुढे निशाण गेले, पण वेगाची मर्यादा राहिली. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातल्या ईस्ट पेकम गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ ताशी ८ मैलांनी गाडी हाकत गेला. पोलीस शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडले. वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. हा अशा दंडाचा पहिला दाखला मानतात. गाडीत वेगमापक नव्हते. एका बाजूला शिपायाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला चालकाचा, मध्ये तिसरा साक्षीदार कोणीच नाही.

१९०३ च्या कायद्याने ही मर्यादा ताशी २० मैल झाली. पोलीस मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना लपून बसत आणि हातातल्या घड्याळावर मोटारी पकडत. त्यांच्या सापळ्यांपासून सावध करण्यासाठी मोटारवाल्यांनी १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन काढली आणि सायकलस्वार पहारेकरी नेमले. म्हणजे आज जगाला माहीत असलेली ती संस्था मुळात 'घड्याळवाल्या'विरुद्ध जन्मली. आपला वेग आपल्याला आधीच कळावा ही चालकाची गरज होती आणि वेगमापकाचा बाजार या गरजेवर उभा राहिला.

आता या यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहू. १८२४ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ अरागो याने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते. तांब्याला तर लोहचुंबक चिकटत नाही! कारण उमगायला १८३१ उजाडावे लागले. फॅरेडेने दाखवले की धातू आणि चुंबक एकमेकांसापेक्षा हलले की धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरेच हा ओढा निर्माण करतात. वर्गात आम्ही हे ॲल्युमिनियमची नळी आणि एक जोरदार चुंबक घेऊन दाखवतो. चुंबक नळीतून खाली येतो तो जणू मधातून उतरावा तसा, सावकाश. मुलांना तो जादूचा खेळ वाटतो.

हाच खेळ स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्त्से याने मोटारीत आणला आणि १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते आणि चाकांच्या फेऱ्यांच्या प्रमाणात फिरते. तिच्या वरच्या टोकाला चुंबक असतो. चुंबकाला न शिवता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी बसवलेली असते. चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे जाऊ पाहते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओढा आणि अडवणूक जिथे सारखी होते तिथे वाटी थांबते. काटा या वाटीलाच जोडलेला असतो. गंमत अशी की या यंत्रात घड्याळ नाहीच. वेळेचे काम त्या स्प्रिंगवर सोपवले आहे. स्प्रिंग आणि चुंबक इमानदार असतील तोवरच काटा इमानदार राहतो.

त्याच डब्यात खालच्या बाजूला एकूण मैल दाखवणारे आकडे फिरत असतात. त्यांना चुंबक लागत नाही, ते दातेरी चाकांवर चालतात. म्हणून एका डब्यात दोन स्वभावांचे दोन साक्षीदार राहतात, असे आम्हांला वाटते. एक नुसते मोजतो, तर दुसरा ओढाताणीतून अंदाज सांगतो. कॅलिब्रेशन करणाऱ्याला दोघांची उलटतपासणी वेगवेगळी घ्यावी लागते.

इंग्लंडमध्ये हा धंदा नावारूपाला आणला तो लंडनच्या स्मिथ घराण्याने. हे मूळचे घड्याळवाले व जवाहिरे. १९०४ साली त्यांनी राजा सातव्या एडवर्डच्या मर्सिडीज गाडीला वेगमापक बसवले, तेव्हापासून त्यांचे नाव झाले. घड्याळजीचा हात असल्यामुळे त्यांच्या घरातून 'क्रोनोमेट्रिक' नावाचे आणखी एक वेगमापक निघाले. त्यात खरोखरच घड्याळासारखी टिकटिक करणारी कळ असते. ती ठरावीक क्षणभर केबलच्या फेऱ्या मोजते, काटा त्या आकड्यावर नेऊन ठेवते आणि पुन्हा मोजायला लागते. त्यामुळे काटा सरकत नाही, उड्या मारतो. एमजी टीसीसारख्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये ही यंत्रे होती. चुंबकाचे यंत्र स्वस्त आणि सोपे, म्हणून शेवटी बाजार त्याने जिंकला. पण जुन्या गाड्यांचे शौकीन आजही ती टिकटिक कान देऊन ऐकतात.

स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत काट्याचा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण इथे वेग हाच विकायचा माल असतो. १९४८ च्या लंडन मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने एक्सके १२० ही गाडी मांडली. १२० म्हणजे ताशी १२० मैल, साधारण १९३ किलोमीटर. गाडीच्या नावातच दावा होता आणि लोकांना तो खरा वाटेना. कंपनीला तबकडीवरचा काटा दाखवून भागले असते काय? मुळीच नाही. आपल्याच काट्याची साक्ष आपल्याच खटल्यात कोण मानणार? म्हणून मे १९४९ मध्ये ती गाडी बेल्जियममधल्या जाबेके गावाजवळच्या सरळ रस्त्यावर नेली, पत्रकारांना विमानाने तिथे बोलावले आणि वेळ मोजण्याचे काम बेल्जियमच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे दिले. चाचणी चालक रॉन सटन याने ताशी १३२.६ मैल गाठले. समोरची काच त्यासाठी काढलेली होती. मोजलेला मैल आणि परक्याच्या हातातले घड्याळ, या दोन साक्षींवर ते नाव खरे ठरले.

त्याच कंपनीची ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाला अवतरली, तेव्हा दावा ताशी १५० मैलांचा होता. 'ऑटोकार' साप्ताहिकाने १५०.४ मैलांची नोंद छापली. पुढे अनेक जाणकारांनी लिहिले की पत्रकारांना दिलेल्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या आणि गिऱ्हाइकांच्या हातातल्या फार थोड्या गाड्या तिथवर पोहोचत. मोजणारे खरे मोजत होते, पण त्यांच्यापुढे ठेवलेला नमुना मात्र इतरांसारखा नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मापाइतकीच चौकशी मापाखाली काय आणून ठेवले त्याचीही करावी लागते.

अशा परीक्षा घेणारे पत्रकार गाडीच्या मागे सायकलच्या चाकासारखे एक 'पाचवे चाक' जोडीत आणि त्याच्या फेऱ्यांवरून खरा वेग काढीत. ज्याला हे जमत नसे त्याला साधा हिशेब पुरे होता. मोजलेला मैल काटा एका जागी स्थिर ठेवून पार करायचा आणि लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागायचे. ६० सेकंद लागले तर ताशी ६० मैल, ७२ लागले तर ५०, ७५ लागले तर ४८. सहावीतल्या मुलालाही येईल असे हे गणित आहे.

आता समजा, कोणाच्या गॅरेजमध्ये साठ वर्षांपूर्वीची अशी एखादी गाडी उभी आहे. इतक्या काळात तिचे टायर बदलले, मागच्या ॲक्सलचे दाते बदलले, कदाचित गिअरबॉक्सही दुसऱ्या गाडीचा आला. वेगमापक मात्र मूळचे आहे. स्मिथच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, समजा १०००. त्याचा अर्थ, केबलच्या १००० फेऱ्या झाल्या की हे यंत्र एक मैल झाला असे मानते. त्यामुळे केबल मिनिटाला १००० फेऱ्या फिरली की काटा ताशी ६० वर उभा राहिला पाहिजे. तो राहतो का, हे यंत्र टेबलावर ठेवून, ठरलेल्या गतीच्या विजेच्या मोटरने फिरवून पाहता येते. ही झाली यंत्राची परीक्षा.

पण गाडी आता मैलाला किती फेऱ्या देते? त्यासाठी केबल यंत्रापासून सोडवायची, तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा एक छोटा बाण लावायचा, मागच्या चाकावर खडूने खूण करायची आणि चाकांच्या बरोबर सहा फेऱ्या होईपर्यंत गाडी सरळ ढकलायची. बाण किती वेळा फिरला ते मोजायचे. नंतर चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर इंचात मोजायचे. बाणाच्या फेऱ्यांना १६८० ने गुणायचे आणि त्या इंचांनी भागायचे. हा १६८० कुठून आला, असे मुले विचारतील, आणि विचारलेच पाहिजे. एका मैलात ६३,३६० इंच असतात. त्यांना सहा परिघांनी, म्हणजे बारा पाय गुणिले त्रिज्या यांनी भागले की तो आपोआप निघतो. गाडी ढकलायला जागा नसेल तर एकच चाक उचलून फिरवतात, पण मग बारा फेऱ्या द्याव्या लागतात, कारण एकच चाक फिरले तर डिफरन्शियल अर्धीच गती पुढे पोहोचवतो.

उदाहरण घ्या. बाण ८ वेळा फिरला, अंतर १२ इंच भरले. ८ गुणिले १६८०, भागिले १२, म्हणजे ११२०. गाडी मैलाला ११२० फेऱ्या देते आणि यंत्राची अपेक्षा १००० ची आहे. खरा वेग ६० असताना काटा ६७ च्या वर दाखवील आणि हजार मैल चाललेली गाडी स्वतःला ११२० मैल चाललेली म्हणवील. दोन्ही साक्षीदार सारख्याच प्रमाणात चुकले तर दोष केबलच्या खाली, गाडीत आहे हे समजावे. तो गिअरबॉक्स आणि केबलच्या मध्ये दातेरी चाकांची एक लहान डबी बसवून दूर होतो. मैल बरोबर आणि वेग चूक असेल, तर दोष चुंबकात किंवा स्प्रिंगमध्ये आहे. मग ते काम जाणकार कारागिराचे. तो चुंबकाचा जोर कमी-जास्त करतो, स्प्रिंगचा ताण बदलतो. पुष्कळदा दोष याहून साधा असतो. केबल कोरडी किंवा मोडलेली असली की काटा थरथरतो, आणि गिअरबॉक्सचे तेल केबलवरून चढत वाटीपर्यंत आले की तो चिकटतो. रोग्याला न तपासता औषध देऊ नये, हे इथेही लागू आहे.

१ मे २००० च्या रात्री अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला. तेव्हापासून खिशातल्या यंत्रावर खरा वेग कळू लागला. आता मैलाचा दगड शोधायची गरज उरली नाही. पण पद्धत तीच आहे. काट्याला काट्याच्या बाहेरचा साक्षीदार द्यायचा.

चूक पूर्ण काढता येत नसेल तर ती कोणाच्या पदरात पडावी? आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा या प्रश्नात आहे. १९३० साली इंग्लंडने मोटारींवरची वेगमर्यादा उठवली. १९३४ साली तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. १९३५ पासून वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि १९३७ च्या नियमांनी नव्या गाड्यांना वेगमापक सक्तीचे केले. त्यात दहा टक्के इकडे किंवा तिकडे चूक चालत असे. आता 'तिकडे' म्हणजे काय ते पाहा. काटा ३० दाखवतो आणि गाडी ३३ ने धावते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती २१ टक्के जास्त झाली. चालक कायदा पाळतो आहे, त्याचे मन स्वच्छ आहे, काटाही कायद्याच्या चौकटीत आहे. तरी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला तो २१ टक्के जादा घाव बसतो. चुंबक म्हातारा होऊन दुबळा झाला की काटा नेमका याच बाजूला झुकतो, कमी दाखवतो.

युरोपच्या देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगामार्फत १९७० च्या दशकात नियम क्रमांक ३९ केला आणि ही समानता मोडली. त्याप्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल, तोही खऱ्या वेगाच्या दशांशात चार किलोमीटर मिळवून होईल तेवढाच. खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो, पण ७९ वर राहू शकत नाही. म्हणून आजच्या गाडीचा काटा थोडा जास्तच बोलतो. शौकीन त्यावर हसतात, काटा फुशारकी मारतो म्हणतात. आम्हांला मात्र त्यात एक न्याय दिसतो. चूक व्हायचीच असेल तर ती काचेच्या आत बसलेल्याच्या पदरात पडावी, बाहेर चालणाऱ्याच्या नव्हे.

हा न्याय मुंबईकरांना नवा वाटू नये. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बाहेर बसवलेले जुने यांत्रिक मीटर अशाच केबलवर चाले. चाक लहान झाले, टायर झिजले की मैलाला फेऱ्या जास्त होत आणि तो जादा पैसा उतारूच्या खिशातून जाई. भाडे वाढले की मीटर बदलेपर्यंत चालक जुना आकडा आणि दराचे कार्ड समोर धरी. त्यावरून किती भांडणे झाली असतील! पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही सेवेतून गेली. पण मीटर तपासून त्याला सील ठोकण्याची गरज गेली नाही, कारण तिथेही काट्याच्या दोन बाजूंना दोन माणसे बसलेली असतात.

जुन्या स्पोर्ट्स गाडीचा मालक कधी कधी म्हणतो की मूळचे यंत्र उघडले तर गाडीचा इतिहास बिघडेल, काटा खोटा असला तरी अस्सल आहे. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. गाडी दिवाणखान्यात ठेवायची असेल तर काटा खुशाल तसाच राहू द्यावा. ती रस्त्यावर आणायची असेल, तर अस्सलपणाचा मान राखून त्या काट्याला एकदा मैलाचा दगड आणि घड्याळ यांच्यासमोर उभे करावे, आणि मगच गाडी शाळेवरून, बाजारातून, माणसांच्या मधून न्यावी.